प्रशिक्षणाचा पैसा शेवटच्या बाईपर्यंत



१९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झाला. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१.९४ कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे पैसा आहे. त्यातून शिकवले कुणाला जाते, हा आपला प्रश्न आहे.

नांदगाव तालुक्यात काम करताना मी पाहते, गरोदर बाईला तपासणीला आणते आशाताई, बाळंतपण करतात नर्सबाई आणि रक्ताने भिजलेले कपडे उचलते कंत्राटी सफाई कामगार बाई. प्रशिक्षणाची यादी मात्र वरून सुरू होते आणि या शेवटच्या बाईपर्यंत येतच नाही. मग भीतीपोटी बाळंतिणीची खाट बाजूला सरकते, केसपेपरवर खूण होते आणि ती घरी पोचण्याआधी बातमी गावात पोचते. अशी बाई औषधाला परत येईल का? वेळेवर औषध मिळाले तर बाळाला लागण होण्याचा धोका फारच कमी होतो, हे माहीत असूनही आपण तिला गमावतो.

एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. हातमोज्यांसारखी साधने, ती वापरण्याचे प्रशिक्षण आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध देणे हे त्यानुसार आरोग्यसंस्थांचे कर्तव्य आहे. ती मेहेरबानी नव्हे.

तेव्हा रुग्ण कल्याण समितीत विचारा, माहितीच्या अधिकारात मागा: कोण शिकले, कधी, सफाई कामगार होत्या का, त्या दिवसाची मजुरी मिळाली का? उत्तरे लेखी घ्या.