प्रगणकाला खरे सांगा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ख्रिस्ती बंधुभगिनींना जाहीर आवाहन



फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेचे प्रगणक आपल्या दारी येतील. नाव, वय, शिक्षण यांच्याबरोबर ते धर्म विचारतील, आणि 1931 नंतर पहिल्यांदाच प्रत्येकाची जातही. आपण रविवारी उपासनेला जातो, नाताळ करतो, घरातले माणूस गेले की पाळकांना बोलावून त्याला मातीला नेतो. तर मग धर्माच्या प्रश्नाला आपले उत्तर ‘ख्रिस्ती’ असावे, एवढ्याच विनंतीसाठी हे पत्रक. विनंती लहान असली तरी ती पाळणे किती अवघड आहे, हे आपल्या वस्तीत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

कारण उघड आहे. साताऱ्यात 1849 पासून अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते, सांगली-मिरजेकडे पुढे प्रेस्बिटेरियन मिशन आले. त्या काळात मंडळीत आलेले आपले आजे-पणजे मोठ्या संख्येने महार-मांग वस्त्यांतले. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये तो शिखांना मिळाला, 1990 मध्ये बौद्धांना. आपल्याला आजही नाही. एकाच वस्तीत, एकाच आडनावाच्या दोन घरांत केंद्राचा कायदा एका घराला दलित म्हणतो आणि दुसऱ्याला म्हणत नाही. गावकी मात्र दोघांना एकाच नजरेने पाहते. बाप्तिस्म्याने विहीर बदलली नव्हती.

म्हणून पुष्कळ घरांनी मधली वाट काढली. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि जुनी जात, घरात बायबल. मुलाचे सरकारदरबारी एक नाव, मंडळीत दुसरे. मी यासाठी कोणाला दोष देणार नाही. पोराच्या फीसाठी आणि नोकरीसाठी आईबापांनी काय काय केले, याचा हिशेब मागायला मी कोण? पण ही वाट आता अरुंद होत चालली आहे. 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितले की बाप्तिस्मा घेतलेली, नियमित चर्चला जाणारी व्यक्ती केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवू शकत नाही. निकाल कडू वाटला तरी त्यात दडलेला ‘आपण नेमके कोण?’ हा प्रश्न आपल्यालाही कधीतरी स्वतःला विचारावाच लागणार होता.

खरे तर 1950 च्या आदेशातली ती धर्माची अट अन्यायाची आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्येच दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयात या अटीविरुद्धची याचिका 2004 पासून पडून आहे. 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर नवा आयोग नेमला गेला. प्रत्येक वेळी सरकार विचारते, दलित ख्रिस्ती किती आहेत, त्यांची स्थिती काय आहे, आकडे दाखवा. आकडे कोठून दाखवणार? 2011 च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती 10,80,073 भरले, शंभरात एकही पुरता नाही. जो कागदावर नाही त्याच्या बाजूने वकील तरी काय बोलेल? या वेळी धर्मही लिहिला जाणार आहे आणि जातही. ‘ख्रिस्ती’ आणि त्याखाली आपली खरी जात, अशा दोन ओळी प्रत्येक घरातून गेल्या, तर आपल्या मागणीला प्रथमच पाया मिळेल. मंडळीत जात नसते, म्हणून ती लिहू नये, असे काही पाळक म्हणतील. मंडळीत नसते हे अर्धेच खरे आहे; लग्ने जुळवताना आपण काय करतो ते पाळकांनाही ठाऊक आहे.

भीती आहे, तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. जून 2025 मध्ये सांगलीत एका विवाहितेच्या मृत्यूनंतर, सासरी धर्मासाठी छळ झाल्याचा आरोप झाला आणि जिल्हा पेटला. त्या वेळी जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मगुरूंना मारहाण करणाऱ्यांना लाखो रुपयांची बक्षिसे जाहीर केली. जुलैमध्ये ख्रिस्ती लोक त्याच्या निषेधार्थ मुंबईच्या आझाद मैदानावर जमले. सरकारने धर्मांतराविरुद्ध कडक कायद्याची घोषणाही त्याच सुमारास केली. या प्रकरणात दोन गोष्टी एकाच दमात म्हणायला हव्यात. सुनेवर कोणी श्रद्धेची सक्ती केली असेल, तर ख्रिस्ताचे नाव घेऊन त्याची पाठराखण आपण करणार नाही. तिच्या आईबापांचे दुःख हे आपलेही दुःख आहे. आणि कोणाच्या डोक्यावर बक्षीस लावणाऱ्या भाषेला भिऊन आपण आपला धर्म जनगणनेतून पुसून टाकणार नाही. लपलो, की ‘हे चोरून वाढतात’ या आरोपाला आपणच पुरावा देतो.

कायदा इथे आपल्या बाजूला आहे. 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तुमच्या घराची नोंद कोणाला पाहता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. जातीच्या दाखल्याशी तिचा संबंध नाही. प्रगणकाने तुम्ही सांगाल तेच लिहायचे असते. ‘तुम्ही तर हिंदूच ना’ म्हणत त्याने स्वतःच रकाना भरू नये. आणि जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे, हे आपल्यातल्या धूर्तांनी लक्षात ठेवावे.

काही घरांचा प्रश्न निराळा आहे. बाप्तिस्मा घेतलेला नाही, पण प्रार्थनेला येतात, त्यांनी काय सांगावे? नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही बसत. टिळकांना ख्रिस्त हवा होता, मिशनची वही नको होती. तेव्हा अशा घरांवर मंडळीने हक्क सांगू नये. त्यांच्या मनाला जे खरे वाटते ते त्यांनी सांगावे, मग ते काहीही असो. संख्या फुगवण्यासाठी कोणाकडे जायचे नाही. हे आवाहन फक्त त्यांच्यासाठी आहे ज्यांना ते स्वतः कोण आहेत हे पक्के माहीत आहे.

शास्त्रात मोजणीच्या दोन गोष्टी आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. दावीद राजाने लोकांची मोजणी केली ती तलवार चालवणारे किती हे कळावे म्हणून. सेनापती यवाबाने हरकत घेतली, राजाने ऐकले नाही, आणि देशावर मरी आली. दुसरी मोजणी कैसर औगुस्ताची. तिच्यासाठी योसेफ गरोदर मरीयेला घेऊन बेथलेहेमला गेला आणि ख्रिस्त तिथे जन्मला. परक्या रोमी सरकारलाही त्या दोघांनी आपले खरे कूळ आणि गाव सांगितले.

दाविदाची मोजणी आपल्याकडे अजून चालते. निवडणूक आली की उमेदवार पाळकांना भेटतात, मंडळीची मते किती ते विचारतात, उपासनेनंतर दोन शब्द बोलू द्या म्हणतात, चर्चच्या रंगाचे किंवा फरशीचे बघतो म्हणतात. या मोजणीला आपण स्पष्ट नकार द्यावा. 1988 च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापराविरुद्धच्या कायद्याने प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामाला देणे गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद पाळकाला आणि पंचांना होऊ शकते. मुंबईच्या सांताक्रूझमधील 1990 च्या निवडणुकीवरून चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 2 जानेवारी 2017 रोजी उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या नावानेही मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरवला. ‘ख्रिस्ती मते अमक्याला’ ही चिठ्ठी म्हणूनच दोन्हीकडून खोटी आहे. याला जुना इतिहासही आहे. मुंबई प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांसाठी राखीव जागा ठेवाव्यात असे 1947 मध्ये ठरले होते. पण मे 1949 मध्ये घटनासमितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी या ख्रिस्ती गृहस्थांनीच पुढाकार घेऊन अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा ठराव मांडला. आपण सगळ्यांसोबत मत देऊ, एवढाच त्याचा अर्थ होता. तो शब्द मंडळीच्या पंचांनी एका उमेदवाराशी बसून विकायचा नसतो.

आणि सांगलीकरांना विजय सॅम्युअल हजारे यांची आठवण करून द्यायला हवी का? 1915 मध्ये याच शहरात जन्मलेला मुलगा. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत धर्मावर संघ पाडले जात आणि ख्रिस्ती खेळाडू ‘रेस्ट’ संघात, म्हणजे उरलेल्यांत. त्या उरलेल्यांकडून 1943 च्या अंतिम सामन्यात त्यांनी हिंदू संघाविरुद्ध 387 पैकी 309 धावा एकट्याने केल्या. पुढे 1952 मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांच्या नावात सॅम्युअल कायम राहिला.

आता करायचे काय, ते थोडक्यात. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी उपासना संपल्यावर प्रत्येक मंडळीने अर्धा तास जनगणनेच्या माहितीसाठी ठेवावा. तरुण संघातल्या मुलामुलींनी ऑनलाइन स्वगणना कशी करायची ते म्हाताऱ्या माणसांना दाखवावे, पण फॉर्म त्यांच्याऐवजी भरू नये. प्रगणक येण्याआधी घरात बसून सर्वांनी बोलून घ्यावे, मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलांशीही. नाहीतर बाप ख्रिस्ती आणि मुलगा हिंदू अशी नोंद होते आणि दोघांनाही ठाऊक नसते. आणि ज्यांना दाखल्याची अडचण आहे त्यांच्याशी एकांतात, वकिलाला घेऊन बोलावे. व्यासपीठावरून त्यांची लाज काढू नये.

एक कळकळीची विनंती पाळकांना आणि पंचांना. मार्च उजाडल्यावर कोणाच्याही घरी जाऊन, ‘तुम्ही काय लिहिले?’ असे विचारू नका.

आपला,
मंडळीचा एक सभासद