हौद उपसू नका, गाळणी बांधा

कवठे महांकाळ तालुक्यात पाणी कसे गाळतात हे ठाऊक नसलेला द्राक्षबागायतदार सापडणे कठीण. बागेच्या कडेला मोटारीशेजारी सँड फिल्टर उभा असतो, त्याच्या पुढे जाळीचा किंवा चकत्यांचा. दाबाचा काटा किती चढला की बॅकवॉश द्यायचा, हे घरातल्या शाळकरी पोरांनाही कळते. पण अशाच एखाद्या घराच्या परसात हौसेने बांधलेला माशांचा छोटा हौद पंधरा दिवसांत हिरवा पडतो, वास मारू लागतो आणि मग बादल्यांनी उपसून ते पाणी गटारीत सोडले जाते. मासे तेवढ्यापुरते बादलीत, नंतर कोऱ्या पाण्यात. त्यातले दोन-चार दुसऱ्या दिवशी तरंगतात. शेतातले गाळण्याचे शहाणपण परसापर्यंत आणायला फार खर्च लागत नाही. ते आणलेच पाहिजे, कारण पाणी ओतून देण्याची चैन या तालुक्याला परवडणारी नाही.

हिशेब करून पाहावा. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल हौदात सुमारे एक हजार लिटर पाणी मावते. दर आठवड्याला निम्मे बदलले तर वर्षाला 26 हजार लिटर होते. म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर, एका घरच्या मूठभर माशांसाठी. अग्रणी नदी वर्षातले कित्येक महिने कोरडी असते. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून मिरज, कवठे महांकाळ, जतकडे आणले, तरी आवर्तन कधी सुटते याकडे डोळे लागलेले असतातच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले त्याची बातमी देशभर झाली. त्या मिरजेला लागून असलेला हा तालुकाही अवर्षणप्रवणच.

ठिबकचा सँड फिल्टर लहान करून हौदाला जोडला की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. तसे होत नाही. वाळूचा थर कचरा अडवतो, पण तो थर धुऊन काढायला शेतातल्या मोटारीचा उलटा दाब लागतो. परसातल्या वीस वॅटच्या पंपात ती ताकद कुठून येणार? बारीक वाळू थोड्याच दिवसांत गच्च होते आणि पाणी काठावरून वाहू लागते. शिवाय माशांचा खरा वैरी हा कचरा नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, न खाल्लेले खाद्य कुजून त्यात भर घालते आणि हा अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. कोणत्याही जाळीत तो अडकत नाही. तळाचा खडा दिसावा इतक्या नितळ पाण्यातही मासे मरतात ते यामुळे. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर धोका आणखी वाढतो. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी वाटा सुमारे दहापट होतो. उन्हाने पाणी तापले की तो वाढतो आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. एप्रिल-मेमध्ये ही सगळी संकटे एकदमच येतात.

यावरचा उपाय मात्र बागायतदाराच्या ओळखीचा आहे. बागेत अमोनियम सल्फेट सोडले की जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि वेल ते उचलते. सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. हौदातही त्यांनाच कामाला लावायचे असते. अमोनियाचे आधी नायट्राइट होते, मग नायट्रेट, आणि नायट्रेट झाडे खातात. या जिवाणूंना चिकटायला खरबरीत जागा हवी आणि अंगावरून सतत वाहणारे, हवा खेळलेले पाणी हवे. घरगुती गाळणी बांधायची म्हणजे त्यांना एवढे मिळवून द्यायचे.

त्यासाठी दोन भांडी पुरतात. पहिल्यात गाळ बसवायचा. साठ-सत्तर लिटरच्या ड्रममध्ये पंपाचे पाणी तळाशी कडेने सोडले की ते गोल फिरत हळू होते आणि जड घाण खाली बसते. वरच्या भागात जुन्या शेडनेटच्या सैल गुंडाळ्या भरल्या की उरलेला कचरा तिथे अडकतो. तळाला एक बॉल व्हॉल्व्ह बसवावा. तो आठवड्यातून एकदा उघडला की बादली-दोन बादल्या काळे पाणी निघते. ते नारळाला, कढीपत्त्याला घालावे. खत म्हणून ते उत्तम.

दुसरे भांडे उथळ आणि पसरट हवे, आणि गाळणीचा जीव त्यात आहे. तळाशी भोके पाडलेला पीव्हीसी पाइप, त्यावर मोठी खडी, मग मध्यम, वर बारीक. पाणी खालून शिरते, खडीतून वर चढते आणि काठावरून परत हौदात पडते. आपल्याकडच्या काळ्या दगडाचा सच्छिद्र, जाळीदार तुकडा मिळाला तर तो खडीपेक्षाही चांगला, कारण त्याच्या प्रत्येक भोकात जिवाणूंना घर मिळते. द्राक्षाचे क्रेट शेततळ्याच्या उरलेल्या 500 मायक्रॉन कागदाने आतून मढवले तरी भांडे तयार होते. पंपाने गाळणीच्या उंचीवर तासाला हौदभर पाणी फिरवले पाहिजे. खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो, तो बघून पंप घेऊ नये.

खडीत कर्दळ लावावी, अळू लावावे, लव्हाळ्याचा झुपका चालेल. नागपूरच्या नीरी या संस्थेने सांडपाण्यासाठी विकसित केलेले फायटोरिड तंत्र याच तत्त्वावर चालते. त्यातही खडीच्या थरात कर्दळ आणि पाणकणसासारख्या वनस्पती वाढवतात. त्या तंत्राची छोटी आवृत्ती परसात बसते आणि लाल-पिवळी फुलतेही.

या फुलण्याला महत्त्व आहे. घरगुती गाळणी बंद पडते ती बहुतेकदा बिघाडामुळे पडत नाही, तिच्याकडे कुणी बघेनासे होते म्हणून पडते. भिंतीआड लपवलेला निळा ड्रम आठवड्याने विसरला जातो. डोळ्यांसमोर असलेल्या गाळणीची धार बारीक झाली की ते चहा पिता पिता लक्षात येते. म्हणून ती देखणीच बांधावी. गावाकडे जुन्या गोठ्यांत दगडी डोणी पडून असतात. जनावरे कमी झाली आणि त्या अडगळीत गेल्या. अशी डोण हौदाच्या काठावर चार दगडांवर बसवली, तिच्यात खडी आणि कर्दळ भरली आणि एका कोपऱ्यातून पाणी खाली सोडले, की विकतच्या फायबरच्या धबधब्याकडे कुणी बघणार नाही. गाळाचा ड्रमही दगड रचून झाकावा, फक्त व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे. धार अर्ध्या फुटाहून उंच ठेवू नये. उंच धारेने शिंतोडे उडतात आणि आधीच उन्हाळ्यात एवढ्या हौदातून रोज दहा-पंधरा लिटर पाणी बाष्प होऊन जाते. निम्म्या पाण्यावर कुमुदिनीची पाने पसरू द्यावीत. पाणी थंड राहते आणि शेवाळाला ऊन मिळत नाही.

इथले दोन धोके मात्र गंभीर आहेत. द्राक्षपट्ट्यात औषधांचे रिकामे ड्रम सहज मिळतात. असा ड्रम कितीही धुतला तरी गाळणीला वापरू नये. दुसरा धोका मोरचुदाचा. द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी मोरचुदाचे बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातले तांबे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. बाग घराला लागून असेल तर फवारणीच्या वेळी हौद झाकावा आणि फवारणी पंपाच्या नोझल, बादल्या हौदाच्या पाण्यात कधीही धुऊ नयेत. नव्या सिमेंटच्या हौदात चुन्याने सामू फार चढतो, म्हणून दोन-तीनदा पाणी भरून, सोडून मगच मासे टाकावेत. तेही थोडेच. जिवाणूंचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाच-सहा छोटे मासे पुरेत आणि खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. कोई मासा दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला एवढ्या हौदात कोंडणे क्रूरपणा आहे. शेडनेटच्या गुंडाळ्या धुवायच्या त्याही हौदाच्याच पाण्यात, कारण नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

वीज किती जाते? वीस वॅटचा पंप चोवीस तासांत अर्धा युनिट घेतो, महिन्याला पंधरा. पंप बंद ठेवून वीज वाचवू नये. वाहते पाणी थांबले की काही तासांत जिवाणू गुदमरू लागतात. वीज बराच वेळ गेली असेल तर ती आल्यावर ड्रममधले साचलेले पाणी आधी झाडांना सोडावे. पाण्यात विजेचा पंप असल्याने गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवाच, त्यात काटकसर नको.

आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे सोडतो आणि त्याच वेळी आठवड्याचा कोरडा दिवस पाळा, साठवलेले पाणी ओता, असेही सांगतो. वाहते पाणी आणि मासे असलेला हौद ओतायची गरज नाही, हे त्या कर्मचाऱ्यांनी घरोघर सांगितले पाहिजे, आणि गप्पीसोबत गाळणीचे एका पानाचे चित्र हातात दिले पाहिजे. जास्त झालेले मासे अग्रणीत किंवा तलावात सोडू नका, ही ओळही त्यावर हवी. घरातल्या टाक्यांमधून सुटलेला सकर मासा आज उजनी धरणातल्या जाळ्यांत सापडतो आणि तिथल्या मच्छीमारांना तो नको झाला आहे.

हे काम पुढे नेण्यात ठिबकच्या दुकानदारांचा वाटा सर्वांत मोठा असू शकतो. पाइप, ग्रोमेट, व्हॉल्व्ह, शेडनेट सगळे त्यांच्याच फळीवर असते. दुकानासमोर एक चालता नमुना मांडून ठेवला तर गिऱ्हाईक उभे राहून बघेल आणि प्रश्न विचारेल. शाळांनी तोच नमुना आवारात बांधला तर मुलांना नत्रचक्र फळ्यावर काढून दाखवावे लागणार नाही. वेळ निवडायची तर पावसाळ्याची. ऑक्टोबर छाटणीची गडबड तेव्हा सुरू झालेली नसते आणि पाणी उबदार असल्याने थंडी पडण्याआधी जिवाणू खडीत पुरते स्थिरावतात.