वहीची पाने आणि पानावरील नोंदी

दुकानाचा हिशेब आता पुष्कळ घरांत तरुण मंडळी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर ठेवू लागली आहेत. वाणिज्य शाखेत शिकता शिकता जावास्क्रिप्ट अवगत केलेली मुलगी किंवा सून उधारीची नोंद संगणकावर मांडते आणि गल्ल्यावरचे ज्येष्ठ त्यातली बेरीज प्रमाण मानतात. ती बेरीज बहुधा बरोबरच असते. जिथे चुकते, तिथे चूक अनेकदा एकाच जागी सापडते : एका खात्यात नोंदी किती, हे विचारण्याच्या रीतीत.

१९५७ साली आयबीएम कंपनीने आणलेल्या फोरट्रान भाषेत कोष्टक आधीच आखून घ्यावे लागे. ओळी इतक्या, रकाने इतके, आणि प्रत्येक ओळ सारख्याच लांबीची. छापील तक्त्यासारखेच ते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा केला. त्या भाषेत असे द्विमितीय कोष्टक मुळातच नाही. तिथे आहे तो ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेली यादी. आणि त्या यादीच्या प्रत्येक जागी दुसरी स्वतंत्र यादी ठेवता येते. व्यापाऱ्याला ही रचना परकी वाटू नये. आखीव तक्त्यापेक्षा ती खतावणीला अधिक जवळची आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचे पान वेगळे, आणि कोणाच्या पानावर तीन नोंदी तर कोणाच्या पानावर तीस.

संपूर्ण यादीला ‘वही’ असे नाव दिले, तर ‘वही.लेंग्थ’ हे पानांची संख्या सांगते, नोंदींची नव्हे. पहिल्या पानावरील नोंदी हव्या असतील तर ‘वही[०].लेंग्थ’ असे विचारावे लागते, कारण या भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते. (चलाला देवनागरी नाव दिलेले या भाषेला चालते, ‘लेंग्थ’ हा शब्द आणि अंक मात्र रोमन लिपीतच लागतात.)

चूक घडते ती इथे. पहिल्या पानाची लांबी विचारली की तीच साऱ्या पानांची, असे गृहीत धरले जाते. समजा, तीन गिऱ्हाइके आहेत. पहिल्याच्या पानावर ५००, ७५० आणि ३००. दुसऱ्याच्या पानावर १२००, ४००, ६५०, २००० आणि ३५०. तिसऱ्याच्या पानावर ९००, १०० आणि २५०. एकूण येणे ७४०० रुपये. पहिल्या पानाची लांबी ३ धरून प्रोग्रामने प्रत्येक पानावर तीनच नोंदी वाचल्या, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या शेवटच्या दोन नोंदी वाचल्याच जात नाहीत. बेरीज ५०५० दिसते. २३५० रुपयांची उधारी कोणत्याही सूचनेशिवाय हिशेबातून नाहीशी होते, आणि वसुलीला जाणारा माणूस तेवढे कमी मागून परत येतो.

याउलट तिसऱ्या पानावर दोनच नोंदी असत्या, तर संगणकाने नसलेली तिसरी नोंद मिळवण्याचा प्रयत्न केला असता आणि बेरजेच्या जागी ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, असे उत्तर आले असते. ते पाहून घरात गोंधळ उडतो. पण खरे तर हीच चूक बरी. तेरीज जुळली नाही की माणूस शोधायला बसतो. कमी पडलेली पण स्वच्छ दिसणारी रक्कम कोणी तपासत नाही. म्हणून आतली फेरी लिहिताना लांबी त्या त्या पानालाच विचारावी : ‘वही[क्र].लेंग्थ’, जिथे ‘क्र’ हा चालू पानाचा क्रमांक. नव्या दुकानाची वही अगदी कोरी असली, तर ‘वही[०]’ हे पानच अस्तित्वात नसते आणि त्याची लांबी विचारताच प्रोग्राम थांबतो. प्रत्येक पानाला विचारणाऱ्या फेरीत हा प्रसंग येत नाही, कारण पान नाही तर फेरीही नाही.

‘लेंग्थ’ या शब्दावरही फार विसंबू नये. ती नोंदींची मोजदाद नाही. शेवटच्या जागेच्या क्रमांकात एक मिळवून येणारा तो आकडा आहे. तीन नोंदींच्या पानावर कोणी थेट ११ क्रमांकाच्या जागी रक्कम लिहिली, तर नोंदी चार असूनही लांबी १२ येते. ‘डिलीट’ वापरून नोंद पुसली तर जागा रिकामी राहते आणि लांबी तसूभरही घटत नाही. ‘स्प्लाइस’ने काढली तर पान आखूड होते. हप्ते किती आले हे लांबीवरून ठरवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

आणखी एक सापळा वही तयार करतानाच लागतो. बारा कोरी पाने एकदम हवीत म्हणून ‘फिल’ या सोयीने एकच रिकामी यादी बारा ठिकाणी भरली जाते. दिसायला बारा पाने, प्रत्यक्षात एकच पान बारा नावांनी. एका गिऱ्हाइकाच्या नावे ५०० लिहिले की ते बाराही जणांच्या नावे दिसतात. अशा वहीत सर्व पानांची लांबी नेहमी एकसारखी भरते, आणि चालत्या दुकानाच्या उधारीत असे कधी घडत नाही. एवढ्यावरूनही दोष ओळखता येतो. ‘ॲरे.फ्रॉम’ला प्रत्येक जागेसाठी नवी यादी करण्यास सांगितले, म्हणजे बारा पाने खरोखर बारा होतात.