आधी कॉम्प्युटर, मग कॅसेट

गेल्या दिवाळीत या सदरात डिजिटल फोटो जपण्याबद्दल गप्पा मारल्या. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, अगदी संक्रांतीचा तिळगूळ हातावर घेतानासुद्धा, एकच प्रश्न कानावर येतोय, ‘‘तळघरात व्हिडिओ कॅसेटचं खोकं पडलंय. त्यांच्या डीव्हीडी घरी करता येतील का?’’ येतील. पण कशा, ते सांगण्याआधी माझी चूक ऐका.

१९८९ साली साताऱ्याला आमच्या आजीची पंचाहत्तरी झाली. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झाल्यावर मावशीने आग्रह केला आणि आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. तिचा आवाज असलेली आमच्याकडे ती एकच कॅसेट. मामा इकडे आले तेव्हा माझ्यासाठी घेऊन आले. एका शनिवारी मी ती व्हीसीआरमध्ये घातली, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चहा प्यायला वर गेलो. दोन तासांनी येऊन पाहतो तर फाइल जेमतेम १९ मिनिटांची! ओवाळणं संपतंय, आजी घसा साफ करतेय, आणि तिथेच सगळं थांबलेलं. कॅसेट रिवाइंड करून पुन्हा लावली. या खेपेला व्हीसीआरने फीत आत ओढली आणि चुरगळली. तीन-चार मीटर फीत, म्हणजे दोन-तीन मिनिटं. ओव्या तेवढ्याच होत्या.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. जुनी कॅसेट एकदाच धड चालेल असं धरून चालायचं, आणि कॉम्प्युटर पूर्ण तयार झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.

आता ती १९ मिनिटंच का? माझी हार्ड डिस्क ‘फॅट ३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. त्यात कुठलीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. डीव्ही पद्धतीच्या रेकॉर्डिंगला तासाला सुमारे १३ जीबी लागतात. १९-२० मिनिटांत ४ जीबी भरतात. तेव्हा ‘माय कॉम्प्युटर’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ बघा. तिथे ‘एनटीएफएस’ दिसायला हवं. नसेल तर विंडोज एक्सपीमध्ये आतली माहिती न पुसता बदल करता येतो; तरी आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा.

मग जागा. दोन तासांच्या कॅसेटला २६ जीबी, शिवाय डीव्हीडी तयार करताना मधल्या फाइलींना आणखी दहाएक. म्हणजे एका कॅसेटमागे ४० जीबी मोकळे हवेत. जमल्यास ७२०० आरपीएमची दुसरी हार्ड डिस्क बसवा आणि ती फक्त व्हिडिओसाठी ठेवा. विंडोज ज्या डिस्कवर चालतं, तिला स्वतःचीच कामं पुष्कळ असतात. जुनी डिस्क वापरणार असाल तर आदल्या रात्री डीफ्रॅगमेंट करा.

तिसरी गोष्ट शांतता. व्हीसीआर काही कॉम्प्युटरसाठी थांबत नाही. कॉम्प्युटर क्षणभर दुसरीकडे गुंतला की मधल्या फ्रेम गळतात, चित्र उडी मारतं. म्हणून स्क्रीन सेव्हर आणि आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करा. इंटरनेटची वायर काढा, आणि ती काढल्यानंतरच अँटिव्हायरस थांबवा. मुलांचे मेसेंजर आणि गेम्स बंद. मुलांनाही सांगून ठेवा, ‘‘आज कॉम्प्युटर आजीचा.’’

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागची पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. त्या कन्व्हर्टरच्या डबीत आणि डबी फायरवायर किंवा यूएसबी २.० ने कॉम्प्युटरला. जुन्या यूएसबीचा वेग या कामाला पुरत नाही. तुमच्या डिजिटल कॅमकॉर्डरला बाहेरून चित्र आत घ्यायची सोय असेल, तर वेगळी डबी घ्यायचीही गरज नाही.

भारतातून आलेल्या कॅसेटींचा एक निराळा प्रश्न. तिकडची पाल पद्धत, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ फ्रेम. इथली एनटीएससी, ५२५ रेषा आणि जवळजवळ ३० फ्रेम. इथला साधा व्हीसीआर त्या कॅसेटी नीट दाखवत नाही. मल्टिसिस्टिम व्हीसीआर हवा, आणि सॉफ्टवेअरमध्येही ‘पाल’ निवडायला हवं. मंडळात एकाकडे असला तरी दहा घरांचं काम होतं. डीव्हीडी मात्र इथल्या टीव्हीवर बघायची असेल तर एनटीएससीमध्ये करा.

एवढं झाल्यावरही लगेच लग्नाची कॅसेट लावू नका. टीव्हीवरून उतरवलेला एखादा जुना सिनेमा घ्या आणि तासभर रेकॉर्ड करून बघा. फाइल पूर्ण तासाची आहे का? शेवटीसुद्धा आवाज ओठांशी जुळतो का? गळलेल्या फ्रेमचा आकडा शून्य आहे का? मगच खरी कॅसेट. आधी तिच्या कडेची प्लॅस्टिकची चकती तोडा, म्हणजे चुकूनही तिच्यावर रेकॉर्ड होणार नाही. थंड गराजमधून आणली असेल तर रात्रभर घरात राहू द्या. खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालूच नका, जाणकाराला दाखवा. आणि रेकॉर्डिंग चालू असताना चहा प्यायचाच असेल, तर कप खाली घेऊन या.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. तासाभराचं चित्र उत्तम, दोन तासांचं ठीक. त्याहून जास्त कोंबू नका. डिस्कवर कागदी लेबल न चिकटवता मार्करने नाव लिहा. दोन प्रती काढा, एक भारतात पाठवा. आणि कॅसेट फेकू नका.

मावशीला फोनवर हे सांगताना माझी जीभ जड झाली होती. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘‘अरे, त्यातल्या काही येतात मला.’’ यंदा उन्हाळ्यात ती आली तेव्हा आमच्या सोफ्यावर बसून तिने आठवल्या तेवढ्या म्हटल्या. आता त्या डिस्कवर ओवाळणं संपलं की मावशीचा आवाज येतो. ओव्या त्याच आहेत. आवाज मात्र आजीचा नाही.

तुमच्या खोक्यातही असा एखादा आवाज असेल. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत खोकं वर आणा. पहिल्या दिवशी मात्र नुसता कॉम्प्युटर तयार करा. कॅसेट दुसऱ्या दिवशी.