नौदलाची वाट दहावीलाच फुटते

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हे विचारणार कोणाला? जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखाच होती, ती घेतली. आधी पदवी घ्यावी, मग नौदलात अधिकारी व्हावे, असा माझा भाबडा हिशेब होता.

तो चुकला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागते. पदवीनंतर सी.डी.एस. परीक्षेतून भूदलात कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. पण केरळातील एझिमलाच्या नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवीच हवी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी अजाणतेपणी भरलेला एक अर्ज समुद्राची वाट अडवतो!

नियमांशी माझे भांडण नाही. युद्धनौका म्हणजे तरंगता कारखाना. तेथे गणित हवेच. तक्रार आहे ती वेळेवर कोणी न सांगितल्याची. मुलांना प्रबोधिनीसाठी तयार करणारी शासनाची संस्था छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे. तिच्यासाठी दहावीतच अर्ज करावा लागतो. आमच्या वर्गात हे एकालाही ठाऊक नव्हते.

कायद्याच्या पदवीला पंचावन्न टक्के मिळवून नौदलाच्या विधी शाखेत जाता येते. ती वाट मी धरणार आहे. पण मित्रहो, श्रमदानाच्या शिबिरात आपण गावची गटारे उपसतो. त्याच गावात एक तास नववी-दहावीच्या वर्गात जाऊन हे सांगितले, तर तेही श्रमदानच नव्हे काय?