विंचू उतरला, मग हात गार का?

एप्रिल-मे उजाडला की आमच्या सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत विंचवाची धास्ती सुरू होते. सरपणात, गोवऱ्यांच्या ढिगात, दगडी बांधात, कधी अंथरुणाच्या घडीतही तो दडलेला असतो. वळवाचा पाऊस झाला की बिळात पाणी शिरते आणि स्वारी घरात येते. आम्ही काही डॉक्टर नव्हेत. बी. कॉम. होऊन कारकुनीला लागलो आणि आयुष्य आवक-जावक रजिस्टरात गेले. परंतु एका प्रसंगाने आमचे डोळे उघडले. पुढे विचारून, वाचून जे समजले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

काही वर्षांपूर्वी एका लग्नानिमित्त वाळवा तालुक्यातल्या गावी गेलो होतो. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा चुलीसाठी लाकडे आणायला गेला आणि किंचाळतच परत आला. बोटाला विंचू चावला होता. लागलीच विंचू उतरवणाऱ्यास बोलावणे गेले. त्याने मंत्र म्हटले, झाडपाला चोळला. अर्ध्या तासात पोर रडायचे थांबले. "उतरला, उतरला!" असे सारे म्हणू लागले. आम्हीही मान डोलावली. चार बुके शिकलेल्या आम्ही मान डोलावली, हे येथे कबूल केलेच पाहिजे.

पोराची आजी मात्र त्याला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "उतरला म्हंता, मग ह्येचं हात असं बर्फागत गार का लागत्यात? सदरा बघा की, घामानं निथळतोय." तेवढ्यात पोराने दुसऱ्यांदा उलटी केली. आजीने मग कोणाचे ऐकले नाही. वऱ्हाडाची जीप घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी औषध दिले, रात्रभर नजरेखाली ठेवले. पोर वाचले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आम्हांला म्हणाले, "विंचवाचं विष थेंबभरसुद्धा नसतं. माणसाला मारतो तो त्याच्याच शरीरातला रस." हे कसे काय?

आपल्या शरीरातील मज्जातंतू म्हणजे निरोप नेणारी यंत्रणा. एका मज्जापेशीतून निरोप विजेसारखा धावतो, पण पेशीच्या टोकाशी येऊन थांबतो. कारण पुढची पेशी तिला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, साधारण एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ही फट वीज ओलांडत नाही, रसायन ओलांडते. पेशीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. विजेचा निरोप आला की तेथील दारे उघडतात, कॅल्शियमचे कण आत शिरतात आणि पिशव्या फटीत रित्या होतात. ते रसायन पलीकडच्या पेशीला जाऊन लागते आणि निरोप पोहोचतो. काम झाले की रसायन आवरले जाते. आमच्या कचेरीत शिपाई एका टेबलावरची चिठ्ठी दुसऱ्या टेबलावर नेऊन देतो, तसेच हे.

काही चिठ्ठ्या मात्र साऱ्या कचेरीसाठी परिपत्रक म्हणून निघतात. प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक छोटी ग्रंथी असते. मज्जातंतूने हुकूम दिला की ती ॲड्रेनलिन नावाचे संप्रेरक थेट रक्तात सोडते. अंगावर बैल धावून आला की छाती धडधडते, ती याच्यामुळे. संकटात पळायला किंवा लढायला बळ देणारा हा रस. क्षणभर सुटला तर तारतो.

तांबड्या विंचवाचे विष नेमके येथे घाव घालते. मज्जातंतूवर सोडियमची दारे असतात. निरोप गेला की ती मिटली पाहिजेत. विष त्यांना नीट मिटू देत नाही. मग तंतू तोच निरोप पुन्हा पुन्हा धाडत राहतो. पिशव्या रित्या होतच राहतात. आधी घाम, लाळ, उलट्या सुरू होतात. मग ॲड्रेनलिन व त्याच्या भावंडाचा, नॉरॲड्रेनलिनचा, पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. आजीच्या हाताला जे गार लागले, ते हेच.

यावरचा उपाय आपल्याच महाराष्ट्रात सापडला. चवदार तळ्यामुळे जे महाड आपल्या काळजात आहे, त्याच्या जवळच बिरवाडी येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तेथे १९७६ साली जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचू चावलेली माणसे डोळ्यांदेखत जाताना पाहून ते रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करू लागले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुढे त्याच दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध विंचूदंशासाठी वापरले. रक्तवाहिनीवर ज्या जागी नॉरॲड्रेनलिन जाऊन चिकटते, ती जागाच हे औषध अडवते. नळ्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात ३० ते ४० दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. विंचवावरची लसही आता आहे. लस व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे महाडच्याच अभ्यासातून २०११ साली दिसून आले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने माणसे बरी होतात ती कशी? काळी मोठी इंगळी चावली तर ठणका जबर असतो, पण जिवाला सहसा धोका नसतो. तो ठणका काही तासांनी आपसूक ओसरतो आणि श्रेय मंत्राला जाते. तांबड्या विंचवाची गोष्ट उलटी. ज्यांना धोका जास्त, त्यांतल्या अनेकांना डंखाच्या जागी फारसे दुखत नाही. प्रकृती सुधारू लागली की दुखणे पुन्हा जाणवते. म्हणजे आम्ही ज्याला 'उतरला' म्हणत होतो, तेव्हाच विष चढत होते.

म्हणून सांगणे एवढेच. विंचू चावला की दोरी आवळू नका, ब्लेड लावू नका, मंत्रात वेळ घालवू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवा. भरपूर घाम, उलट्या, लाळ, गार हातपाय यांपैकी काहीही दिसले तर एक मिनिटही दवडू नका. लहान मुलाला तर काही दिसण्याची वाटही पाहू नका. औषध मात्र डॉक्टरांच्याच हातून घ्यावे. त्याने रक्तदाब उतरतो, म्हणून रुग्णाला निजवून ठेवावे लागते, एकदम उठवायचे नसते.

आणखी एक काम आजच करता येईल. आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन प्राझोसिनच्या गोळ्या व विंचवाची लस शिल्लक आहे का, हे विचारून या. नसेल तर ग्रामसभेत अर्ज द्या. अर्ज लिहिता येत नसेल तर आमच्याकडे या. ते काम आम्हांला येते.