लेथ नको, कापूस घ्या!

इंजिनिअरिंगच्या बऱ्याच शाखांमध्ये ‘अभियांत्रिकी अर्थशास्त्र’ नावाचा विषय असतो. मुलं-मुली तो पासिंगपुरताच करतात. सूत्रं पाठ केली, जुने पेपर सोडवले, झालं! दहा वर्षांनी लेथ मशीनची किंमत किती उरेल, ते बरोबर लिहून येतात. पण मारेगावच्या ज्या मुलीने आयुष्यात लेथ पाहिलंच नाही, आणि घराच्या अर्ध्या खोलीत कापसाचा ढीग मात्र दरवर्षी पाहिलाय, तिला त्यात गोडी वाटणार कशी?

तिला असं विचारून पाहा. नोव्हेंबरात कापसाला क्विंटलमागे ७,००० रुपये मिळताहेत. घरावर महिना शेकडा तीनचं कर्ज आहे. विकायचा की मार्चपर्यंत ठेवायचा? चार महिन्यांचं व्याज झालं ८४० रुपये. म्हणजे ७,८४० भाव आला तर कुठे बरोबरी! शिवाय कापूस वाळून वजन घटतं ते वेगळंच. आजचा रुपया आणि मार्चमधला रुपया सारखा नसतो, हाच तर या विषयाचा पहिला धडा. आपल्याकडे तो दर हंगामात भांडणासकट शिकवला जातो.

दुसरं उदाहरण तर आपलंच, बायकांचं. १२,००० रुपयांचं कर्ज, बारा हप्ते, व्याज ‘फक्त बारा टक्के’. संपूर्ण रकमेवर वर्षभर व्याज लावलं तर १,४४० रुपये होतात. पण मुद्दल तर दर महिन्याला हजाराने फिटत असतं ना? मग उरलेल्या रकमेवरच व्याज धरलं, तर होतात ७८० रुपये. दर तोच, हप्तेही तेवढेच, आणि फरक ६६० रुपयांचा. सही करताना हे कोण सांगतं आपल्याला?

‘अभ्यासक्रम संपवायचाय,’ असं सर-मॅडम म्हणतील. त्यांचंही खरं आहे, आणि सूत्रं तर यायलाच हवीत. पण पहिलं गणित घरच्या पासबुकावरून घातलं, तर सूत्र का लागतं ते तरी कळेल.

२०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली आहे. मेस, खोलीभाडं आपल्याच माथी, तरी मुली शिकायला बाहेर पडू शकतील. तर मैत्रिणींनो, लेक सुट्टीत घरी आली की फराळाच्या ताटासोबत कर्जाचं कार्डही तिच्यापुढे ठेवा. खरा दर काढून दे म्हणावं. नाही जमलं, तर कॉलेजात विचारून ये म्हणावं.